टाकीवरून

तिकीट पन्नास रुपये.
श्रीकृष्ण टॉकीजच्या फळ्यावर बाळासो पाटोळेनं
खडूनं लिहिलं होतं: पुण्याची ढोल-ताशा फायनल, थेट पडद्यावर.
खाली बारीक अक्षरात:
शिट्ट्या मारा, खुर्च्या मोडू नका.

बसमध्ये बावन्न जागा.
पोरं त्रेचाळीस, एक कासम मुजावर,
आणि उन्हात पान तडकतं म्हणून
आठ सीटा ढोलांच्या.
बावन्नावी त्याच्या काड्यांच्या पोत्याची.
"मास्तर, तुमचं काम इथलं," कासम म्हणाला,
"तिथं टाकी न्हाई."

बरोबर होतं त्याचं.
चार महिने मार्केट यार्डाच्या पाण्याच्या टाकीवर उभा राहून
मी शिट्टी फुंकली.
खाली बेदाण्याच्या शेडांमधलं पटांगण,
हिरव्या जाळ्यांतून येणारा गंधकाचा वास,
आणि टोप्या घातलेले त्रेचाळीस ठिपके.
तिसरी ओळ वाकडी. शिट्टी.
झांजवाले दोन पावलं आत. शिट्टी.
एप्रिलात एका संध्याकाळी
ठिपक्यांचा द्राक्षघड झाला,
देठाशी ताशे, टोकाला ध्वज,
आणि टोल पडला की एकेक मणी सुटून
पटांगणभर वाळत पसरायचा.
त्यांच्यातल्या कुणीच हे पाहिलेलं नाही.
जो मणी आहे त्याला घड कुठून दिसणार?
पाहिला तो मी, आणि टाकीवरच्या कबुतरांनी.

दिवे गेले.
आधी पत्र्याची जाहिरात, मग खताची,
मग एकदम स्टेडियम.
चार पथकं वाजून गेली. बाल्कनीत कुणी भेळ सोडली.
निवेदक "तासगाव" म्हणाला
आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

पहिला टोल.
मी डोळे मिटून मोजलं: चार, आठ,
आता देठ बांधला जाईल.
उघडले तर पडद्यावर
एक मनगट. त्याला रुमाल. टिपरू.
मग झांज. मग कुणाचा तरी घोटा.
"अरे मागं घे की! वर घे!"
शेजारचा म्हणाला, "मास्तर,
त्यास्नी न्हाई ऐकू जायचं."
शिट्टी खिशातच होती.

कॅमेरा काही आपल्या बापाचा नसतो.
घड त्यानं एकदाही दाखवला नाही.
दाखवली अनुसया केंगार,
अख्ख्या पडद्याएवढी.
ताशा, दुसरी ओळ, डावीकडून तिसरी.
जिला मी चार महिने
अर्धं पाऊल मागं ढकलत होतो.
खालचा ओठ दातात.
तर्जनीची पट्टी सुटलेली, काडीवर लाल.
मला वाटायचं ती चुकते.
ती प्रत्येक टोलाआधी
श्वास घेत होती,
खांदे उचलून, पुढं झुकून,
तेवढंच ते अर्धं पाऊल.

पहिल्या रांगेत तिची आई,
बेदाणा निवडून तशीच आलेली, बोटं चिकट,
उठून उभी राहिली.
मागच्यांनी "बसा" म्हटलं नाही.

तिसरे आलो.
पडदा काही सेकंद मागं चालत होता,
कासमचा फोन आधी आला,
म्हणून टाळ्या आम्ही दोनदा वाजवल्या.
दुसऱ्यांदा जास्त.

येताना यार्डावरून आलो.
टाकीची शिडी धरली, पण चढलो नाही.
पटांगणात चुन्याच्या रेघा अजून होत्या.
दुसरी ओळ. डावीकडून तीन.
तिथं उभा राहिलो, वर बघितलं.
टाकी पश्चिमेला.
म्हणजे रोज संध्याकाळी
ऊन थेट पोरांच्या डोळ्यांत,
आणि वर मी आहे की नाही
हे त्यांना दिसतही नसणार.

एक शिट्टी तेवढी.